दर संगणकाला वेगळी एसएसएच किल्ली

चार वर्षे मी एकच एसएसएच किल्ली, म्हणजे दूरच्या सर्व्हरला पासवर्डऐवजी आपली ओळख पटवणारी फाइल, तीन ठिकाणी वापरत होते. घरचा लॅपटॉप, कामाचा संगणक आणि रात्री आपोआप कोड ओढून घेणारा एक छोटा सर्व्हर, या तिन्हींवर तीच खासगी फाइल होती. ती मी पेनड्राइव्हवरून कॉपी केली होती आणि किल्ली बनवताना पासफ्रेजच्या (खासगी फाइलीला लावायच्या पासवर्डच्या) दोन्ही प्रश्नांना नुसते एंटर दाबले होते. पुढे लॅपटॉप दुरुस्तीला दिला तेव्हा डिस्क बदलून मिळाली, पण जुनी डिस्क परत आली नाही, आणि त्या डिस्कवर ती किल्ली विनासंरक्षण पडलेली होती. कोड जिथे ठेवते त्या सेवेच्या सेटिंग्जमध्ये गेले, तर तिथे 'माझी किल्ली' या नावाची एकच नोंद होती. ती काढली तर तिन्ही संगणकांचा प्रवेश एकदम बंद होणार होता, आणि ठेवली तर ती डिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला माझ्या खासगी रेपॉझिटरींमध्ये (कोडच्या साठ्यांमध्ये) वाचण्याचाच नव्हे तर लिहिण्याचाही अधिकार राहणार होता. मी ती काढली. सर्व्हरवरचे काय काय तिच्यावर अवलंबून होते हे शोधण्यात मात्र पुढचे दोन दिवस गेले.

गिटहब, गिटलॅब, बिटबकेट या कोड ठेवणाऱ्या सेवांपैकी कोणत्याही सेवेसाठी एसएसएच मांडायचे असेल, तर माझ्या मते सर्वांत आधी ठरवायची गोष्ट हीच आहे: खासगी किल्ली ज्या संगणकावर जन्मली त्याच संगणकावर राहील आणि तिथेच संपेल. नवा संगणक आला की त्यावर नवी किल्ली बनवायची. हे एकदा पक्के केले की किल्लीला नाव काय द्यावे, पासफ्रेज ठेवावी की नाही, संगणक हरवला तर काय करावे, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत जातात.

(या लेखात मी मुद्दाम 'किल्ली' हाच शब्द वापरत आहे. बोलताना आम्ही सगळेच 'की' म्हणतो, पण लिहिताना ते उभयान्वयी अव्यय वाटते आणि वाक्य दोनदा वाचावे लागते.)

मुळात ही व्यवस्था कशासाठी आहे, ते थोडक्यात. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून ऐकण्याचा प्रकार उघडकीस आला, आणि त्यानंतर तिथले संशोधक टाटू य्लोनेन यांनी एसएसएच लिहिले. तोपर्यंत टेलनेटसारख्या साधनांतून पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जात असे. आज आपण जवळजवळ सगळेच जे वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून आले. कोड ठेवणाऱ्या सेवांनी हाच मार्ग उचलला, आणि गिटहबने तर १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणेच थांबवले. तेव्हापासून एचटीटीपीएसने जायचे तर टोकन (सेवेने बनवून दिलेली गुप्त अक्षरमाळ) आणि एसएसएचने जायचे तर किल्ली, असे दोन रस्ते उरले आहेत. टोकनही वाईट नाही, पण ते गुपित दर वेळी सर्व्हरकडे पाठवावे लागते. खासगी किल्ली कधीच पाठवावी लागत नाही, आणि मला एसएसएच आवडण्याचे मुख्य कारण तेच आहे.

ते कसे घडते हे समजून घेण्यासारखे आहे. किल्ल्या जोडीने बनतात. सार्वजनिक किल्ली आपण सेवेला आधीच देऊन ठेवतो. आपण जोडणी करतो तेव्हा आपला संगणक आणि सर्व्हर मिळून प्रथम एक सांकेतिक वाहिनी उभी करतात, आणि त्या जोडणीपुरती एक ओळख-संख्या तयार होते. आपला संगणक त्या संख्येवर आणि सोबतच्या माहितीवर खासगी किल्लीने सही करतो. सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने पडताळून पाहतो. सही त्या एका जोडणीला बांधलेली असल्यामुळे कोणी ती टिपून ठेवली तरी दुसऱ्या वेळी तिचा उपयोग होत नाही. खासगी किल्लीचा एक अंशही संगणकाबाहेर पडत नाही. म्हणूनच ती पेनड्राइव्हवर घालून फिरवणे, स्वतःलाच ईमेलने पाठवणे किंवा सामायिक ड्राइव्हवर ठेवणे, यांतून या सगळ्या रचनेचा एकमेव फायदा आपणच घालवत असतो.

आता प्रत्यक्ष किल्ली बनवणे. टर्मिनल उघडून एसएसएच-कीजेन ही कमांड चालवायची. लिनक्स आणि मॅकवर ती असतेच, आणि विंडोज १० व त्यापुढच्या आवृत्त्यांतही ओपनएसएसएच उपलब्ध आहे. डॅश टी या पर्यायाने प्रकार सांगायचा आणि डॅश सी या पर्यायाने, कॅपिटल सी लक्षात ठेवून, एक टीप जोडायची. प्रकार एड२५५१९ निवडावा. ओपनएसएसएचमध्ये तो २०१४ पासून आहे, आणि २०२३ च्या ९.५ आवृत्तीपासून प्रकार न सांगताही तोच बनतो. त्याची सार्वजनिक किल्ली अवघ्या ३२ बाइटची असते. पुरेशी लांब असलेली आरएसए किल्लीही चालते, आणि समोर एखादा जुनाट सर्व्हर असेल तर तीच लागते. तेव्हा ४०९६ बिटची बनवावी. डीएसए या जुन्या प्रकाराचा विचारच करू नये, गिटहबने त्या किल्ल्या २०२२ मध्ये पूर्ण बंद केल्या आहेत.

टीप म्हणून बरेच जण आपला ईमेल पत्ता लिहितात, कारण सूचनांच्या पानांवर तसे दिलेले असते. तांत्रिकदृष्ट्या त्या टिपेला काहीच अर्थ नाही; सर्व्हर ती वाचून आपल्याला ओळखत नाही. मी तिथे संगणकाचे नाव आणि महिना लिहिते, उदाहरणार्थ 'जुना-लॅपटॉप-मार्च'. तीन वर्षांनी ती ओळ समोर आली की ती कोणत्या संगणकाची हे लगेच कळते. ईमेल पत्ता लिहिला असेल, तर सगळ्याच किल्ल्यांवर तोच पत्ता दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

कमांड पहिला प्रश्न विचारते तो फाइल कुठे ठेवायची याचा. सुचवलेली जागा म्हणजे होम फोल्डरातला, टिंबाने सुरू होणारा आणि म्हणून लपलेला एसएसएच नावाचा फोल्डर. ती जागा स्वीकारायला हरकत नाही, मात्र त्या नावाची किल्ली आधीच असेल तर कमांड 'ओव्हरराइट' करू का असे विचारते, आणि त्या प्रश्नाला घाईने होकार दिला तर जुनी किल्ली कायमची जाते. तो प्रश्न दिसला की थांबून दुसरे नाव द्यावे.

नंतर पासफ्रेज. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ताराही नाही आणि ठिपकाही नाही, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला कीबोर्ड अडकला असे वाटते. टाइप करत राहावे, एंटर दाबावे, पुन्हा तेच टाइप करावे. पासफ्रेज सेवेकडे जात नाही आणि सेवेला ती असल्याचे कळतही नाही. तिने फक्त डिस्कवरची खासगी फाइल सांकेतिक केली जाते. माझ्या त्या हरवलेल्या डिस्कवरच्या फाइलला चार-पाच शब्दांची पासफ्रेज असती, तर ती फाइल उघडायला प्रत्येक अंदाजामागे जाणीवपूर्वक संथ ठेवलेली गणना करावी लागली असती, आणि मला किल्ली रद्द करायला निदान सवडीचे काही दिवस मिळाले असते. आधीच बनवलेल्या किल्लीला पासफ्रेज नसेल तर नवी किल्ली बनवण्याची गरज नाही. त्याच कमांडला डॅश पी हा पर्याय आहे. तो जुनी पासफ्रेज विचारतो, नवी घेतो, आणि सार्वजनिक किल्ली बदलत नसल्यामुळे सेवेकडे काहीच बदलावे लागत नाही. हे वाचताना आपल्या किल्लीला पासफ्रेज नाही असे आठवले असेल, तर एवढे एक काम आजच करावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

दर वेळी पासफ्रेज टाइप करण्याचा कंटाळा येतो हे खरे आहे, आणि त्यासाठीच एसएसएच-एजंट आहे. हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम उघडलेली किल्ली स्मृतीत धरून ठेवतो आणि सह्या करून देतो. एसएसएच-ॲड या कमांडने किल्ली त्याच्या हवाली करायची. डॅश टी पर्यायाने ती किती वेळ धरायची हेही सांगता येते, आणि मी आठ तास ठेवते. मॅकवर पासफ्रेज कीचेनमध्ये ठेवण्याची सोय आहे. विंडोजवर ही सेवा सहसा बंद अवस्थेत असते, ती सर्व्हिसेसमध्ये जाऊन एकदा चालू करावी लागते.

किल्ली बनल्यावर दोन फाइली दिसतात. एकीच्या नावाला काही शेपूट नसते, ती खासगी. दुसरीच्या नावाच्या शेवटी टिंब आणि पब असते, ती सार्वजनिक. सार्वजनिक फाइल टर्मिनलमध्येच उघडून पाहावी. एकच ओळ असते आणि तिचे तीन भाग असतात: प्रथम प्रकाराचे नाव, मग ६८ अक्षरांची एक सलग माळ, आणि शेवटी आपली टीप. माळेची सुरुवात सर्व एड२५५१९ किल्ल्यांमध्ये सारखीच असते, कारण त्या भागात पुन्हा प्रकाराचेच नाव गुंफलेले असते, त्यामुळे दोन किल्ल्या वेगळ्या आहेत की नाहीत हे पाहायचे तर शेवटची अक्षरे पाहावीत. विंडोजवर या फाइलवर दोनदा क्लिक केल्यास ती छपाईच्या पब्लिशर या प्रोग्रॅमात उघडण्याचा प्रयत्न होऊ शकतो, कारण त्याच्या फाइलींचे शेपूटही हेच आहे. नोटपॅडमध्ये उघडावी. कॉपी करताना ओळ मध्येच तुटू देऊ नये. तुटली की सेवा 'इनव्हॅलिड' म्हणून ती नाकारते आणि दोष किल्लीत आहे असे उगाच वाटत राहते.

ही ओळ सेवेच्या सेटिंग्जमध्ये एसएसएच किल्ल्यांच्या पानावर चिकटवायची आणि तिला नाव द्यायचे. गिटलॅबवर इथेच किल्लीची मुदत ठरवता येते. मी वर्षाची ठेवते. गिटहबवर ही किल्ली प्रवेशासाठी आहे की सहीसाठी, हे निवडावे लागते. आपल्याला प्रवेशासाठीची हवी. गिट २.३४ पासून कमिटवर (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलावर) सही करण्यासाठीही एसएसएच किल्ली वापरता येते, पण तो वेगळा विषय आहे.

आपण जे चिकटवतो ते अक्षरशः सार्वजनिक आहे, याची जाणीव असलेली बरी. गिटहबवर कोणाच्याही वापरकर्तानावाच्या पत्त्यापुढे टिंब आणि कीज लिहिले की त्या व्यक्तीच्या प्रवेशाच्या सगळ्या सार्वजनिक किल्ल्या कोणालाही दिसतात. २०१५ मध्ये एका संशोधकाने अशा किल्ल्या मोठ्या संख्येने गोळा करून तपासल्या, तेव्हा त्यांत डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारातल्या जुन्या दोषातून जन्मलेल्या कमकुवत किल्ल्या सापडल्या. हा दोष २००६ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या साधनाच्या डेबियन आवृत्तीत शिरला होता आणि २००८ मध्ये उघड झाला. यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या भागातून चुकून महत्त्वाच्या ओळी काढल्या गेल्या होत्या, आणि उरलेली यादृच्छिकता म्हणजे जवळजवळ प्रक्रियेचा क्रमांक एवढीच होती, त्यामुळे ठरावीक प्रकारच्या आणि लांबीच्या केवळ ३२,७६८ किल्ल्याच बनू शकत होत्या. दोष दुरुस्त होऊन सात वर्षे झाली होती तरी त्या किल्ल्या लोकांच्या खात्यांत तशाच बसून होत्या, कारण एकदा चाललेली किल्ली कोणी पुन्हा पाहत नाही. जुनी किल्ली नव्या संगणकावर नेत राहणे किती महागात पडू शकते हे मला यातून सर्वांत स्पष्ट दिसते. दर संगणकाला नवी किल्ली बनवणाऱ्याच्या खात्यातून ती दोषी किल्ली संगणक बदलताना सहज निघून गेली असती.

यानंतर पहिल्यांदा जोडणी करून पाहायची. एसएसएच कमांडला डॅश कॅपिटल टी हा पर्याय द्यायचा आणि पत्ता म्हणून गिट हे नाव, ॲटचे चिन्ह आणि सेवेचे डोमेन लिहायचे. इथे आपले स्वतःचे वापरकर्तानाव लिहिण्याची चूक अनेकांकडून होते. या सेवांवर सर्व जण 'गिट' या एकाच नावाने आत जातात, आणि आपण कोण आहोत हे सेवा केवळ किल्लीवरून ओळखते. या एका गोष्टीतून पुढच्या कितीतरी गोष्टी उलगडतात. एकच सार्वजनिक किल्ली दोन खात्यांत जोडता येत नाही, कारण मग ती किल्ली कोणाची हे ठरणारच नाही. तसेच कमिटवर दिसणारे नाव आणि ईमेल गिटच्या स्वतःच्या सेटिंगमधून येतात, त्यांचा किल्लीशी संबंध नाही. कामाच्या किल्लीने पुश केलेल्या (सेवेकडे पाठवलेल्या) कमिटवर घरचा ईमेल दिसला, तर किल्लीत नव्हे, तिथे शोधावे.

पहिल्या जोडणीत एसएसएच थांबून सांगते की या होस्टची (समोरच्या सर्व्हरची) खात्री पटवता येत नाही, त्याचे फिंगरप्रिंट (त्याच्या किल्लीची छोटी ओळखखूण) अमुक आहे, पुढे जायचे का? आपण सगळेच इथे 'येस' लिहून मोकळे होतो, आणि मीही वर्षानुवर्षे तेच केले. पण आत्तापर्यंत सेवेने आपल्याला ओळखण्याची तयारी झाली होती. सेवेला आपण ओळखण्याची ही एकमेव संधी आहे. तिन्ही सेवा आपली फिंगरप्रिंट आपल्या मदतीच्या पानांवर छापतात. ते पान ब्राउझरमध्ये उघडून टर्मिनलमधली माळ त्याच्याशी जुळवायला अर्धा मिनिट लागतो. नव्या आवृत्त्यांमध्ये तर 'येस' ऐवजी पानावरचे फिंगरप्रिंटच तिथे चिकटवता येते. ते जुळले तरच जोडणी पुढे जाते, त्यामुळे डोळ्यांनी अक्षरे ताडण्याचेही काम उरत नाही. जुळलेले होस्ट मग 'नोन होस्ट्स' नावाच्या फाइलीत नोंदले जातात आणि पुन्हा विचारणा होत नाही.

पुन्हा विचारणा झालीच, आणि तीही मोठ्या अक्षरांत होस्टची ओळख बदलल्याचा इशारा म्हणून आली, तर हात आवरावा. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट किल्ली बदलली, कारण तिची खासगी बाजू थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडी पडली होती. त्या दिवशी असंख्य लोकांना हा इशारा दिसला. तो खरा होता आणि बदल सेवेनेच केलेला होता, पण हे सेवेची घोषणा वाचून कळते, इशाऱ्याचा मजकूर वाचून नाही. आधी घोषणा आणि नवे फिंगरप्रिंट पाहावे, आणि मगच एसएसएच-कीजेनच्या डॅश कॅपिटल आर पर्यायाने जुनी नोंद काढावी. मला यातली एक गोष्ट नेहमी आठवते: एवढ्या मोठ्या सेवेची खासगी किल्लीसुद्धा कोणाच्या तरी हातून चुकून रेपॉझिटरीत गेली. आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरात किल्ली 'थोड्या वेळासाठी' कॉपी करू नये, याला यापेक्षा वेगळे कारण द्यायला नको.

सगळे नीट झाले की सेवा आपले नाव घेऊन स्वागत करते. गिटहब त्यातच सांगते की शेल (कमांड चालवण्याची जागा) मिळणार नाही. ते वाक्य त्रुटीसारखे वाटते, पण तीच यशाची खूण आहे.

नाही झाले, तर बहुतेक वेळा 'परमिशन डिनाइड' एवढेच दिसते. मला मदत मागणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिक जणांची किल्ली उत्तम असते आणि घोटाळा दुसरीकडेच असतो. सर्वांत नेहमीचा प्रकार असा: चाचणी यशस्वी होते, पण पुश करताना तरी वापरकर्तानाव आणि पासवर्ड विचारला जातो. याचा अर्थ रेपॉझिटरी पूर्वी एचटीटीपीएस पत्त्याने क्लोन केलेली (उतरवून घेतलेली) आहे आणि गिट अजून त्याच रस्त्याने जात आहे. किल्लीला कोणी विचारलेलेच नाही. गिट रिमोट सेट-यूआरएल या कमांडने पत्ता बदलला की प्रश्न मिटतो. दुसरा प्रकार म्हणजे सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, गिट चालवणे. सुडो लावले की रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या फोल्डरातल्या किल्ल्या शोधल्या जातात, आणि तिथे आपली किल्ली नसते. तिसरा प्रकार परवानग्यांचा: खासगी फाइल इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते. फाइलीला ६०० आणि फोल्डरला ७०० अशा परवानग्या द्याव्यात.

यांपैकी काहीच नसेल, तर अंदाज बांधत बसू नये. चाचणीच्या कमांडला डॅश व्ही जोडावे. पडद्यावर बरीच गर्दी होते, पण त्यातल्या 'ऑफरिंग पब्लिक की' ने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या शोधाव्यात. आपला संगणक कोणकोणत्या फाइली पुढे करत आहे आणि कोणत्या क्रमाने, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. अपेक्षित फाइलीचे नावच दिसत नसेल तर दोष आपल्या बाजूला. नाव दिसते पण ती स्वीकारल्याची ओळ येत नाही, तर ती किल्ली खात्यात जोडलेलीच नाही.

काही जाळ्यांवर एसएसएचचे नेहमीचे २२ क्रमांकाचे पोर्टच बंद असते, आणि मग नकारही न येता जोडणी नुसती लटकून राहते. अशा वेळी ४४३ पोर्टवरून एसएसएच चालवण्याची सोय तिन्ही सेवांनी वेगळ्या होस्टनावांखाली दिलेली आहे. गिटहबचे त्यासाठीचे होस्टनाव एसएसएच या शब्दाने सुरू होते, इतर दोघांचे ऑल्टएसएसएच या शब्दाने.

घरचे आणि कामाचे अशी दोन खाती एकाच संगणकावर असली की कॉन्फिग फाइल लिहावीच लागते. माझ्या 'एक संगणक, एक किल्ली' या नियमाला हा एक अपवाद आहे: इथे एकाच संगणकावर दोन किल्ल्या बनतात, पण दोन्ही तिथल्याच राहतात. एसएसएचच्या फोल्डरात कॉन्फिग नावाची साधी फाइल करायची आणि तिच्यात प्रत्येक खात्यासाठी एक परिच्छेद लिहायचा. होस्ट या शब्दापुढे आपण ठरवलेले टोपणनाव, होस्टनेमपुढे सेवेचे खरे डोमेन, युजरपुढे गिट, आयडेंटिटीफाइलपुढे त्या खात्याच्या किल्लीचा मार्ग, आणि शेवटी आयडेंटिटीजओन्लीपुढे येस. पुढे क्लोन करताना डोमेनच्या जागी टोपणनाव लिहायचे.

शेवटची ओळ लोक गाळतात, आणि मग विचित्र त्रास सुरू होतो. ती नसेल तर एजंटजवळच्या सगळ्या किल्ल्या एकामागून एक पुढे केल्या जातात आणि सेवा तिला ओळखीची वाटलेली पहिली किल्ली स्वीकारते. कामाची रेपॉझिटरी क्लोन करताना घरच्या खात्याची किल्ली आधी पुढे गेली, तर प्रवेश यशस्वी होतो, फक्त चुकीच्या माणसाच्या नावाने, आणि सेवा सांगते की अशी रेपॉझिटरीच सापडत नाही. मी स्वतः अशा वेळी सहकाऱ्याला तीनदा विचारले होते की रेपॉझिटरीचे नाव बरोबर आहे ना. नाव बरोबर होते. एजंटमध्ये बऱ्याच किल्ल्या असतील तर आणखी एक अडचण येते: ओपनएसएसएचचा सर्व्हर एका जोडणीत मूलतः सहाच प्रयत्न मान्य करतो, आणि योग्य किल्लीची पाळी येण्याआधीच दार बंद होते.

आता त्या रात्री कोड ओढणाऱ्या सर्व्हरकडे वळते, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होती. माझ्या वैयक्तिक खात्याची किल्ली सर्व्हरवर ठेवण्याचा अर्थ असा होता की त्या सर्व्हरवर शिरलेला कोणीही माझ्या नावाने माझ्या प्रत्येक रेपॉझिटरीत लिहू शकला असता, आणि त्या सर्व्हरला मात्र एकच रेपॉझिटरी, तीही फक्त वाचायला हवी होती. यासाठी डिप्लॉय किल्ली असते. ती सर्व्हरवरच बनवायची आणि तिची सार्वजनिक बाजू खात्याच्या सेटिंग्जऐवजी त्या एका रेपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये जोडायची. गिटहबवर लिहिण्याचा अधिकार मुद्दाम खूण केल्याशिवाय तिला मिळत नाही, आणि ती खूण मी करत नाही. तिथे माणूस पासफ्रेज टाइप करायला नसल्यामुळे ही किल्ली विनापासफ्रेज ठेवावी लागते, आणि म्हणूनच तिचा अधिकार इतका आखूड असणे आवश्यक आहे. या सर्व्हरवर लॉगिन करताना एजंट फॉरवर्ड करण्याचा, म्हणजे आपला एजंट त्या सर्व्हरवरून वापरू देण्याचा, सोपा मार्गही काही जण सुचवतात. तो मी टाळते, कारण आपण जोडलेले असेपर्यंत त्या सर्व्हरचा रूट वापरकर्ता आपल्या एजंटकडून सह्या करून घेऊ शकतो.

ज्यांच्या रेपॉझिटरींवर इतर लोक अवलंबून आहेत त्यांनी हार्डवेअर किल्लीचा विचार अवश्य करावा. २०२० च्या ८.२ आवृत्तीपासून ओपनएसएसएच यूएसबीवर लावायच्या फिडो (ओळख पटवण्याच्या एका मानकाच्या) उपकरणांसोबत काम करते. प्रकाराच्या नावापुढे डॅश एसके लावायचे. मग डिस्कवरची फाइल त्या उपकरणाशिवाय निरुपयोगी असते आणि प्रत्येक सहीसाठी उपकरणाला बोटाने स्पर्श करावा लागतो. खासगी किल्ली फिरवू नये हा नियम इथे पाळावाच लागतो, कारण उपकरणातले गुपित बाहेर काढताच येत नाही.

सध्या माझ्या खात्यात दोन नोंदी आहेत, लॅपटॉप आणि कामाचा संगणक, आणि सर्व्हरची तिसरी त्याच्या रेपॉझिटरीत आहे. महिन्यातून एकदा मी ते पान उघडते. प्रत्येक किल्ली शेवटची कधी वापरली गेली ते तिथे लिहिलेले असते. जी वापरात नाही किंवा जिचा संगणक आता माझ्याजवळ नाही, ती काढून टाकते. गिटहब वर्षभर न वापरलेल्या किल्ल्या स्वतःहून काढते, पण हरवलेली किल्ली वापरात असू शकते, आणि ते पाहायचे काम आपलेच आहे. संगणक कोणाला देण्याआधी किंवा दुरुस्तीला पाठवण्याआधी क्रम असा ठेवते: आधी सेवेवरची नोंद काढायची, मग त्याच संगणकावरून चाचणीची कमांड चालवायची, आणि 'परमिशन डिनाइड' हे शब्द डोळ्यांनी पाहिल्यावरच झाकण बंद करायचे.